जांभळी पिशवी आणि मावशींचे हात

सकाळी खाटेशी वाकावं आणि रात्रभर लावलेली लघवीची पिशवी जांभळी झालेली दिसावी. फिकट नव्हे, चांगली गर्द जांभळी. घरातले घाबरतात. कुणी रक्त म्हणतं, कुणी कालच्या नव्या गोळीवर संशय घेतं, कुणी बिटाच्या कोशिंबिरीवर. पिशवी रिकामी केली की कधी कधी आतली लघवी नेहमीच्याच रंगाची निघते. रंगलेलं असतं ते पिशवीचं आणि नळीचं प्लास्टिक.

हा रंग कुठून येतो ते कळल्यावर मी बराच वेळ थक्क होऊन बसले होते. आपण डाळ खातो, दूध पितो. त्यांतल्या प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं इंडोल करतात. इंडोल रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं आणि मूत्रपिंडं ते लघवीत सोडतात. इथवर तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या शरीरात हेच रोज चालतं. पण लघवीच्या मार्गात नळी असेल, त्या नळीत विशिष्ट जिवाणूंनी बस्तान बसवलं असेल आणि लघवी अल्कधर्मी झाली असेल, तर ते जिवाणू या पदार्थापासून दोन रंगद्रव्यं बनवतात. एक लाल, इंडिरुबिन. दुसरं निळं, इंडिगो. हे इंडिगो म्हणजे नीळ. निळीच्या झाडापासून माणसानं हजारो वर्षं जो रंग काढला, ज्यासाठी बिहार-बंगालच्या शेतकऱ्यांना गोऱ्या मळेवाल्यांनी नाडलं, तोच रेणू इथे एका आजारी माणसाच्या खाटेशी आपोआप तयार होतो. निळा आणि लाल मिळून जांभळा. 1978 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या जांभळ्या पिशव्यांची नोंद झाली.

रंग स्वतः सहसा अपाय करत नाही. पण तो तीन गोष्टी सांगत असतो. नळीत जिवाणूंची वस्ती झाली आहे, लघवीचा गुणधर्म बदलला आहे आणि बहुधा पोटही साफ होत नाही, कारण बद्धकोष्ठ असलं की आतड्यातल्या जिवाणूंना इंडोल करायला जास्त वेळ मिळतो. एवढा सगळा निरोप पिशवीच्या रंगात आहे, आणि तो सर्वांत आधी कुणाला दिसतो? डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. नर्स आठवड्यातून एकदा आली तरी नशीब. रोज सकाळी ती पिशवी हातात घेणारी व्यक्ती म्हणजे घरी कामाला येणाऱ्या मावशी, ब्यूरोतून बारा तासांच्या ड्युटीवर पाठवलेला मुलगा, निवासी संस्थेतल्या ताई, किंवा मग आई. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूर-खारघरपर्यंत सकाळी आठला ड्युटी बदलते, तेव्हा जिने चढणाऱ्या या बायका-पुरुषांमधले कितीतरी जण एखाद्या दिव्यांग माणसाच्या नळीची जबाबदारी घ्यायला निघालेले असतात. त्यांना काय शिकवलं जातं, यावर त्या माणसाची मूत्रपिंडं अवलंबून आहेत. मला हे या शहरातलं अत्यंत महत्त्वाचं आणि अत्यंत कमी बोललं जाणारं शिक्षण वाटतं.

नळीची गरज का पडते हे समजण्यासाठी आधी नळी नसलेलं मूत्राशय काय करतं ते पाहायला हवं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. उरतो दीड-दोन लिटर. म्हणजे साधारण मिनिटाला एक मिलिलिटर लघवी थेंबाथेंबानं खाली येत राहते. ती नुसती घरंगळत येत नाही. मूत्रवाहिन्या आकुंचनाच्या लाटांनी तिला पुढे ढकलतात, म्हणून आपण आडवे असलो तरी ती मूत्राशयातच उतरते. मूत्राशयात शिरताना या वाहिन्या भिंतीतून तिरक्या जातात. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबानंच त्या मिटतात आणि लघवी उलटी वर जात नाही. वेगळी झडप बसवलेली नाही. कोनानंच काम साधलं आहे.

मूत्राशयाचं अस्तर त्याहून अजब. सर्वांत वरच्या पेशी छत्रीसारख्या पसरट असतात आणि त्यांचं नावही ‘अंब्रेला सेल’ असंच आहे. मूत्राशय भरू लागलं की या पेशी पोटात साठवून ठेवलेले पडद्याचे तुकडे बाहेर काढतात आणि आपलं क्षेत्रफळ वाढवतात. रिकामं झालं की तो पडदा परत आत घेतात. दिवसातून सहा-सात वेळा, आयुष्यभर. आणि आपल्याला ‘जायला हवं’ हे कळतं कसं? पीझो-2 नावाचं एक प्रथिन ताण ओळखतं. पीझो प्रथिनांचा शोध लावणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 सालचं नोबेल डेव्हिड ज्यूलियस यांच्यासोबत मिळालं. हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच काम करत नाही अशी काही माणसं जगात आहेत. त्यांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही, त्यामुळे त्यांतले अनेक जण घड्याळ पाहून लघवीला जातात.

जाणीव कण्यातून मेंदूकडे जाते, आणि मेंदू परवानगी देईपर्यंत खालचं दार बंद ठेवतो. मग एका क्षणी मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि दाराचा स्नायू सैल पडतो. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांच्या उलट. हा मेळ मेंदूच्या मुळाशी असलेलं एक छोटं केंद्र साधतं. लहान मूल तो दोन-तीन वर्षांत शिकतं आणि आपण त्याचा पुन्हा कधी विचारही करत नाही.

मज्जारज्जूला इजा झाली की हा मेळ तुटतो. लोकलमधून पडून, बांधकामाच्या परांचीवरून कोसळून, आंब्याच्या झाडावरून घसरून, महामार्गावरच्या अपघातात. काहींच्या पाठीचा कणाच जन्मतः अपुरा मिटलेला असतो, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. काहींना मल्टिपल स्क्लेरॉसिस असतो. मूत्राशय भरतं, पण निरोप वर पोचत नाही. काही वेळा मूत्राशय सैल पडून नुसतं तुडुंब भरत राहतं. काही वेळा त्याहून वाईट होतं. मूत्राशय आवळतं त्याच क्षणी दारही आवळतं. आतला दाब इतका वाढतो की कोनानं साधलेली ती अडवणूक हरते, लघवी वर मूत्रपिंडांकडे रेटली जाते आणि मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात. त्या माणसाला वेदना होत नाही, कारण वेदनेचा रस्ताही तुटलेला असतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

यातून माणसं कशी वाचू लागली, तो इतिहास सांगायलाच हवा. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांतच दगावत, आणि मारत ते दोन शत्रू, अंथरुणाच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग. नाझी जर्मनीतून निसटून 1939 साली इंग्लंडला आलेले ल्युडविग गुटमान यांनी 1944 च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल इस्पितळात कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यांचा हट्ट औषधांपेक्षा शिस्तीचा होता. दर दोन तासांनी कूस बदलायची. नळी निर्जंतुक पद्धतीनं, हात न लावता घालायची. कामाची उतरंड त्यांना मान्य नव्हती. रात्री ते स्वतः वॉर्डात फिरून माणसं कुशीला वळली आहेत का पाहत. माणसं जगू लागली. जगू लागली म्हणून खेळू लागली. 29 जुलै 1948 ला त्याच इस्पितळाच्या आवारात 16 जखमी सैनिकांची, स्त्री-पुरुषांची, धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहले आणि भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक घेऊन आले, ते याच स्पर्धेत. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. पदकं आणि संस्था यांच्या तळाशी कूस बदलणं आणि नळी स्वच्छ ठेवणं आहे.

आता ती नळी हातात घेऊन पाहू. कुठल्याही मेडिकलमध्ये फोली कॅथेटर मिळतो. पिवळसर रबराची किंवा दुधी पारदर्शक सिलिकॉनची, साधारण चाळीस सेंटिमीटर लांब नळी. एका टोकाला दोन तोंडं, एक लघवीसाठी आणि दुसरं बारीक, रंगीत कडीचं. कडीचा रंग जाडी सांगतो. हिरवा म्हणजे 14 नंबर, नारंगी 16, लाल 18. हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरणकारानं ठरवलं. नंबरला तीननं भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी येते, म्हणजे 16 नंबरची नळी सुमारे सव्वापाच मिलिमीटर जाड. रंगीत कडीतून सिरिंजनं 10 मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाशी एक इवलासा फुगा फुगतो. तो मूत्राशयात अडकून राहतो, म्हणून नळी निसटत नाही. मिनेसोटातल्या फ्रेडरिक फोली यांनी 1930 च्या दशकात ही कल्पना रूढ केली. पेटंटची लढाई ते हरले, नाव मात्र नळीला त्यांचंच राहिलं. नळीची कल्पना त्याहून किती जुनी! पाँपेईच्या राखेखाली काशाच्या, इंग्रजी ‘एस’सारख्या वळणाच्या मूत्रनळ्या सापडल्या आहेत, आणि सुश्रुतसंहितेत मूत्रमार्गासाठी तूप माखून घालायच्या नळ्यांचं वर्णन आहे.

फुगा फुगवून टेबलावर ठेवलेली नळी नीट पाहा. लघवी आत घेणारी भोकं फुग्याच्या वर आहेत. म्हणजे मूत्राशयात फुग्याच्या खालच्या बाजूला थोडी लघवी कायम साचून राहते. निरोगी माणसाचं मूत्राशय दर वेळी पूर्ण रिकामं होतं आणि लघवीच्या लोंढ्यासोबत चुकार जिवाणू धुऊन जातात. हे आपलं सगळ्यात मोठं संरक्षण. नळी घातली की ते संपतं. काही तासांतच नळीच्या भिंतीवर प्रथिनांचा पातळ थर बसतो, त्यावर जिवाणू चिकटतात, आणि पावसाळ्यात इथल्या गच्चीवर शेवाळ धरतं तसा एक बुळबुळीत थर आतून बाहेरून धरू लागतो. याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात जिवाणू एकमेकांना रासायनिक इशारे देतात. बाहेरून येणारं प्रतिजैविक तळापर्यंत पोचत नाही. नळी आत असताना दररोज जिवाणू शिरण्याची शक्यता साधारण 3 ते 7 टक्के धरली जाते, आणि नळी महिनाभर राहिली की जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जिवाणू सापडतात.

म्हणूनच फक्त तपासणीत जंतू निघाले म्हणून गोळ्या सुरू करू नयेत, असं तज्ज्ञ सांगतात. घरोघरी याच्या उलट चालतं. लघवीला वास आला की प्रतिजैविक, गढूळ दिसली की प्रतिजैविक. त्यातून जिवाणू मरत नाहीत, चिवट होतात. ताप, थंडी वाजणं, पाठीच्या कुशीत दुखणं, एकाएकी सुस्ती किंवा बडबड, पाय नेहमीपेक्षा जास्त आखडणं, ही खरी लक्षणं. बोलता न येणाऱ्या किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीत कधी एकच लक्षण दिसतं, रोजच्यासारखं न वागणं. ‘आज दादा जेवले नाहीत आणि चिडचिड करतायत’ हे मावशींचं वाक्य वैद्यकीय माहिती आहे, ते वहीत लिहायला हवं.

सगळ्या जिवाणूंमध्ये प्रोटियस मिराबिलिस नावाचा एक मला विलक्षण वाटतो. तो लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतो. लघवी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी लघवीत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून राहू शकत नाहीत, त्यांचे खडे होतात आणि नळीच्या तोंडाशी चिकटतात. काही दिवसांत नळी आतून दगडासारखी बुजते. म्हणजे एक सूक्ष्मजीव आपल्याच घरात दगड पाडतो. ज्यांची नळी वारंवार बुजते त्यांना ‘पाणी कमी पिता’ म्हणून दटावून भागत नाही. नळी कधी बुजली, काढल्यावर तिच्या टोकाला काय चिकटलं होतं, याची नोंद डॉक्टरांना दाखवावी लागते.

जीवशास्त्राचा हा भाग कळला की प्रशिक्षणातले नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. पिशवी मूत्राशयाच्या खाली का? साठलेली लघवी जिवाणूंसह परत आत जाऊ नये म्हणून. पिशवी जमिनीवर का टेकू नये? खालची तोटी लादीला लागते म्हणून. नळी आणि पिशवीचा सांधा उगाच का उघडू नये? बंद मार्ग उघडला की जंतूंना दार मिळतं म्हणून. 1966 साली क्युनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी दाखवून दिलं की मार्ग बंद ठेवला तर संसर्ग लांबवता येतो. त्याआधी इस्पितळात नळीचं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असे.

नियम मोडतो कधी, तर माणसाला खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना. उचलणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पिशवी त्या माणसाच्या पोटावर ठेवली जाते. दोन मिनिटांचंच काम, पण त्या दोन मिनिटांत पिशवीतलं पाणी उलटं वाहू शकतं. किंवा पिशवी खाटेच्या आकड्याला तशीच राहते आणि माणूस खुर्चीत जातो. नळी ताणली जाते आणि फुगलेला फुगा मूत्रमार्गातून खेचला जातो. ज्याला तिथे संवेदना नाही तो ‘आई गं’ म्हणणार नाही, रक्त दिसल्यावरच कळेल. म्हणून उचलण्याआधी पिशवी रिकामी करायची, मांडीला पट्टीनं नळी अडकवलेली आहे ना पाहायचं आणि पिशवी आधी हलवायची, मग माणूस. हे तोंडानं सांगून होत नाही, खाट आणि खुर्ची घेऊन पाच वेळा करून घ्यावं लागतं.

पिशवी रिकामी करणं हे दिवसातून तीन-चार वेळा होणारं काम. मावशी आधी सांगतात, ‘दादा, पिशवी काढते हं.’ हात साबणानं धुतात, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून, चाळीस ते साठ सेकंद. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेली ही वेळ घड्याळ लावून पाहिली तर आपल्या रोजच्या हात धुण्यापेक्षा बरीच लांब निघते. हातमोजे चढवतात. त्या एकाच माणसासाठी राखलेला मग खाली धरतात. तोटी उघडतात, पण तोटीचं तोंड मगाला टेकू देत नाहीत. शेवटचा थेंब पडला की तोटी बंद, तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. किती मिलिलिटर, रंग कसा, हे पाहायचं, नंतर संडासात ओतायचं आणि तो मग धुऊन उपडा वाळवायचा. हातमोजे काढून पुन्हा हात. हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे नाहीत, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना ते हाताला लागतातच. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. तुडुंब भरू दिली तर तिच्या वजनानं नळी ओढली जाते आणि लघवी मागे तुंबते.

आंघोळीच्या वेळी नळी जिथून आत जाते तिथली स्वच्छता साध्या साबण-पाण्यानं होते. अँटिसेप्टिक रोज चोळायची गरज नसते. नळी धरायची ती शरीराजवळ, आणि पुसायचं शरीरापासून बाहेरच्या दिशेनं. बायकांना पुढून मागे. पुरुषांची कातडी मागे सारून स्वच्छ केली तर ती पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सूज येऊन तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. आपल्याकडे वर्गात हे बोलताना शिकवणारे आणि शिकणारे दोघंही माना खाली घालतात आणि विषय उरकतात. मला वाटतं, याच वाक्यावर थांबायला हवं. पुतळ्यावर दाखवायला हवं, विचारायला हवं, करून घ्यायला हवं. लाजेखातर शिकवताना गाळलेल्या गोष्टीची किंमत शिकवणारा मोजत नाही.

आणि लाज ज्याची आहे त्याचा विचार प्रशिक्षणात सर्वांत आधी यायला हवा. पस्तिशीची बाई, एमए झालेली, ऑनलाइन काम करून घर चालवणारी, तिला पाहुण्यांसमोर ‘हिची पिशवी बघितली का?’ असं विचारलं जातं. दार लोटायचं, पडदा ओढायचा, चादर लागेल तेवढीच बाजूला करायची, काय करणार ते आधी सांगायचं आणि ‘आत्ता नको’ म्हटलं तर थांबायचं. आपल्या शरीराबद्दल त्या व्यक्तीला सगळ्यात जास्त माहिती असते. नळी कोणत्या मांडीला बरी वाटते, कोणत्या कुशीवर ती मुडपते, अंगावर काटा आला की काय चुकलेलं असतं, हे तिला ठाऊक असतं. नव्या माणसाचं पहिलं प्रशिक्षण तिनंच द्यावं आणि त्याबद्दल संस्थेनं तिला शिक्षक म्हणून मान द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

अंगावर काटा, हे मी सहज लिहिलं नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असलेल्या माणसांमध्ये नळी मुडपणं जिवावर बेतू शकतं. मूत्राशय फुगतं. त्याची तक्रार कण्यातून वर निघते, मेंदूपर्यंत पोचत नाही, पण वाटेतल्या मज्जातंतूंना खवळवते. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब झपाट्यानं चढतो. मेंदूला चढलेला दाब कळतो, तो ‘सैल व्हा’ असा हुकूम सोडतो, पण हुकूम तुटलेल्या जागेच्या खाली जात नाही. वरच्या अर्ध्या शरीराला मात्र पोचतो. म्हणून चेहरा लाल, कपाळावर घाम, फुटून जाईल असं डोकं, नाडी मंद, आणि खाली पाय गार, अंगावर काटा. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. या लोकांचा रोजचा वरचा रक्तदाब 90-110 इतका कमी असतो, त्यामुळे यंत्रावर 140 दिसलं तर ‘नॉर्मलच आहे’ म्हणणारा माणूस फसतो.

इथे शिकलेल्या हातांना दोन-चार मिनिटांत करता येण्याजोगं असं काम आहे जे मोठ्या इस्पितळालाही खाटेपर्यंत आणून देता येत नाही. माणसाला उठवून बसवायचं. पट्टे, कंबरेचा बंद, घट्ट मोजे सैल करायचे. मग खाटेपासून पिशवीपर्यंत बोटं फिरवत नळी तपासायची. कुठे अंगाखाली दबली आहे का, मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का. बहुतेकदा कारण तिथेच सापडतं आणि लघवी वाहू लागली की चेहऱ्याची लाली उतरते. वाहिली नाही, तर नळी बुजली आहे. मग शिकलेल्या नर्सनं नळी बदलायची, आणि तसं कुणी हाताशी नसेल तर 108. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरलाही हा आजार परिचयाचा असेलच असं नाही, म्हणून त्याची चार ओळींची मराठी-इंग्रजी चिठ्ठी व्हीलचेअरच्या खिशात असावी.

हे सगळं कोण शिकवतं? खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करतं. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ नावाची योजना काळजीवाहक घडवण्यासाठी आहे, आणि कौशल्य विकासाच्या यादीत ‘होम हेल्थ एड’ आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे अभ्यासक्रम आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे. मांडणी आहे. पण मुलं मोठी होतात. शाळेत, केंद्रात सांभाळलेला मुलगा तिशीत येतो, आई साठीत जाते, आणि मग ब्यूरोला फोन लावला जातो. ब्यूरो ज्यांना पाठवतं त्यांतल्या अनेकींनी आधी म्हाताऱ्या माणसांची देखभाल केलेली असते, आणि नळीबद्दल जे शिकल्या ते आधीच्या घरातल्या नर्सकडे बघून. त्या हुशार आणि मायाळू असतात. त्यांना कुणी बसून, कारण सांगून, हात धरून शिकवलेलं नसतं. दोन दिवस एका खोलीत खाट, व्हीलचेअर, पुतळा, दोन-चार नळ्या, पिशव्या आणि शिकवणारी एक अनुभवी नर्स मिळाली, आणि तीन महिन्यांनी कामाच्या जागी कुणी येऊन पाहून गेलं, तर खूप मोठा फरक पडेल. महापालिकेच्या इस्पितळांनी हे वर्ग भरवावेत, आणि त्या दिवसांचा पगार मावशींना मिळावा. एक दिवस बुडाला की घरात काय होतं हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच बिनपगारी प्रशिक्षणाला कुणी येत नाही.

कोणतं काम मावशींनी करायचं आणि कोणतं नाही, याची रेघ त्या वर्गात स्पष्ट आखायला हवी. स्वच्छता, पिशवी रिकामी करणं, पिशवी बदलणं, नोंद, लक्षणं ओळखणं, ही त्यांची. कायम राहणारी नळी घालणं, ओढून काढणं, सिरिंजनं जोर लावून बुजलेली नळी धुणं, ही नाहीत. फुगा फुगलेला असताना नळी ओढली गेली तर मूत्रमार्ग फाटतो. नळी बदलायची तारीखही त्यांच्या वहीत असावी. रबराच्या नळ्या थोड्याच आठवड्यांच्या, सिलिकॉनच्या जास्तीत जास्त बारा आठवड्यांच्या. स्पायना बायफिडा असलेल्या अनेकांना लॅटेक्सची ॲलर्जी असते, त्यांच्या घरी हातमोजेसुद्धा लॅटेक्सचे चालत नाहीत.

आणखी एक प्रश्न मात्र प्रत्येक घरानं डॉक्टरांना विचारावा. ही नळी कायम लागणारच आहे का? 1972 साली मिशिगनमधल्या जॅक लॅपिडेस यांनी सगळ्यांना धक्का देणारी गोष्ट मांडली. दिवसातून चार-सहा वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी लगेच काढायची, आणि त्यासाठी निर्जंतुक हातमोजे-पोशाख लागत नाहीत, स्वच्छ धुतलेले हात पुरतात. त्यांचं म्हणणं होतं की ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीत रक्त कमी पोचतं आणि अशी भिंत जंतूंशी लढू शकत नाही, म्हणून वेळेवर रिकामं करणं अधिक मोलाचं. त्या काळच्या डॉक्टरांना ते पटायला वेळ लागला. आज मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी शक्य असेल तिथे हीच पद्धत पहिली सुचवली जाते, आणि स्पायना बायफिडाची मुलं मूत्रपिंडं शाबूत ठेवून चाळिशी-पन्नाशी गाठतात त्यात तिचा मोठा वाटा आहे. ज्यांचे हात चालतात ते स्वतः शिकतात. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटांनाच जागा कळते. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना घरातलं कुणी किंवा नीट शिकलेली मदतनीस हे करून देऊ शकते, आणि काहींसाठी पोटातून घातलेली सुप्राप्युबिक नळी सोयीची ठरते. वेळापत्रक दर चार ते सहा तासांनी, एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरच्या आत निघेल असं. जास्त निघू लागलं तर वेळ कमी करायची, आणि किती निघालं ते त्याच वहीत, त्याच पानावर, तारीख आणि वेळ घालून लिहायचं.